सी सॉकेट: पहिल्या क्लायंटचा पत्ता ०.०.०.० का येतो?

अर्धाकप
नमस्कार मंडळी. मी थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे. नेटवर्क्सच्या लॅबसाठी सी मध्ये टीसीपी सर्व्हर लिहिलाय, उबुंटूवर. नेहमीचंच: सॉकेट, बाइंड, लिसन आणि मग लूपमध्ये अ‍ॅक्सेप्ट. क्लायंट जोडला की त्याचा आयपी आणि पोर्ट स्क्रीनवर छापायचा.

गंमत अशी की सर्व्हर सुरू केल्यावर जो पहिला क्लायंट येतो त्याचा पत्ता ०.०.०.० आणि पोर्ट ० छापला जातो. दुसऱ्यापासून सगळं बरोबर. सर्व्हर बंद करून परत चालू केला की परत पहिला शून्य. डेटा मात्र पहिल्याशीही नीट जातो-येतो.

संबंधित ओळी अशा (पहिल्या दोन मेनच्या बाहेर, फाईलच्या वरच्या भागात आहेत):

स्ट्रक्ट सॉकअ‍ॅडर_इन क्लायंट;
सॉकलेन_टी लेन;
...
एफडी = अ‍ॅक्सेप्ट(लिसनर, (स्ट्रक्ट सॉकअ‍ॅडर *)&क्लायंट, &लेन);

मित्राने हाच कोड घेऊन दोन्ही व्हेरिएबल्स मेनच्या आत टाकली, तर त्याच्या लॅपटॉपवर पहिल्यापासून बरोबर येतं. लॅबमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं की "पहिलं कनेक्शन वॉर्म-अप असतं, सोडून दे". खरंच असं काही असतं का?

आणि दुसरा प्रश्न: पत्ता अ‍ॅक्सेप्टमधून घ्यावा की नंतर गेटपीअरनेमने (जोडलेल्या सॉकेटच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता सांगणारा कॉल) विचारावा?

आळशी_अण्णा
वॉर्म-अप!! सकाळी सकाळी चहा नाकातून आला.

कर्नलमावशी
वॉर्म-अप वगैरे काही नसतं रे बाळा. तुझ्या लेनमध्ये काय आहे ते बघ.

अ‍ॅक्सेप्टचा तिसरा पॅरामीटर दुहेरी कामाचा आहे. जाताना तू सांगायचंस की "माझ्याकडे पत्ता ठेवायला इतके बाइट जागा आहे", आणि येताना कर्नल त्याच जागी लिहितो की "पत्ता खरा इतके बाइटचा होता". तू कर्नलच्या हातात डबा दिलास, पण डब्यात किती मावतं ते सांगितलंच नाहीस.

तुझं लेन ग्लोबल आहे, म्हणून सुरुवातीला शून्य. कर्नलने वाचलं, जागा शून्य. त्याने तुझ्या क्लायंटमध्ये एक बाइटही लिहिला नाही, पण लेनमध्ये मात्र १६ लिहून ठेवलं, कारण सॉकअ‍ॅडर_इन १६ बाइटचं असतं. क्लायंट स्ट्रक्चरही ग्लोबल, तेही सगळं शून्य, म्हणून ०.०.०.० आणि पोर्ट ०. दुसऱ्या वेळी अ‍ॅक्सेप्टला जाताना लेनमध्ये आधीचे १६ आहेतच, म्हणून पत्ता पूर्ण मिळतो. एवढीच गोष्ट आहे.

उपाय, अ‍ॅक्सेप्टच्या आधी, लूपच्या आत:

लेन = साइझऑफ(क्लायंट);

खात्री करायची असेल तर सर्व्हर एसट्रेसखाली (प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन) चालव. अ‍ॅक्सेप्टच्या ओळीत शेवटी चौकटी कंसात शून्यापासून सोळाकडे बाण दिसेल. डोळ्यांनी बघितलेलं विसरत नाही माणूस.

अर्धाकप
मावशी, साष्टांग नमस्कार. एसट्रेसमध्ये बाण दिसला! ओळ टाकली, पहिला क्लायंट बरोबर आला. पण मग मित्राचं का चाललं? त्यानेही लेनला किंमत दिलेली नाही.

शून्यसमाप्त
मित्राचं नशीब चाललं, कोड नाही चालला. मेनच्या आतलं व्हेरिएबल म्हणजे स्टॅकवरचा कचरा. कचरा मोठा धन आकडा निघाला तर कर्नल "जागा भरपूर आहे" समजून १६ बाइट लिहितो, सगळं छान. लिनक्स तो आकडा साइन्ड इंट म्हणून वाचतो, त्यामुळे वरचा बिट लागलेला असेल तर ऋण होतो आणि अ‍ॅक्सेप्ट ईइनव्हल (चुकीचा पॅरामीटर) ही एरर देऊन परत येतं. आणि कचरा ४ निघाला तर सर्वात मजा: फॅमिली आणि पोर्ट बरोबर येणार, पत्ता मात्र जो आधी पडलेला असेल तो. मित्राला सांगा की ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग बदलून बघ, मग भेटू.

नेटवर्क_नाना
मावशींनी "लूपच्या आत" ठळक केलंय त्यावर थोडी शंका. एका लिसनिंग सॉकेटची फॅमिली ठरलेली असते. आयपीव्ही४ वर बाइंड केलंय म्हटल्यावर दर वेळी १६ च येणार, म्हणजे लूपच्या बाहेर एकदा दिलं तरी बिघडत नाही. उगाच मुलाला घाबरवू नका.

कर्नलमावशी
नाना, टीसीपी-आयपीव्ही४ पुरतं तुमचं बरोबर. पण हाच मुलगा उद्या हीच सवय घेऊन युनिक्स डोमेन सॉकेट लिहील. तिथे क्लायंटने स्वतः बाइंड केलेलं नसेल (सहसा नसतंच) तर परत येणारी लांबी फक्त २, नुसती फॅमिली. पुढच्या फेरीत एखादा नाव असलेला क्लायंट आला की त्याचं नाव कापलं गेलं. लूपच्या आत एक ओळ लिहायला काय पैसे पडतात?

नेटवर्क_नाना
मान्य. माघार. (पण तक्रार नोंदवून ठेवा.)

पायथनपंत
मला एक कळत नाही. २०२० चं दशक अर्धं संपलं तरी पोरांना हे असलं का करायला लावतात? पायथनमध्ये "कनेक्शन, पत्ता = एस.अ‍ॅक्सेप्ट()". पत्ता टपलमध्ये आयता मिळतो, लांबी नाही, कास्ट नाही, बाइट ऑर्डर नाही.

शून्यसमाप्त
पंत, तो टपल कोण भरतं? पायथनच्या सॉकेट मॉड्यूलच्या पोटात सी च आहे आणि तिथे कोणीतरी लेनला किंमत दिलेली आहे, म्हणून तुम्हाला आयतं मिळतं.

पायथनपंत
तेच म्हणतोय, त्याने दिलेली आहे ना, मग परत परत प्रत्येकाने का द्यायची? ह.घ्या.

ढब्बू_मिरची
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ मुद्दा: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंच नाही. अ‍ॅक्सेप्ट की गेटपीअरनेम?

माझं मत: अ‍ॅक्सेप्ट. पत्ता त्याच फेरीत हातात मिळतोय तर वेगळा सिस्टम कॉल कशाला. शिवाय गेटपीअरनेमला एक खोड आहे. क्लायंटने रीसेट पाठवून कनेक्शन तोडलं असेल तर लिनक्सवर ते ईनॉटकॉन (जोडलेलं नाही) ही एरर देतं. म्हणजे लॉगमध्ये "कोण होता" हे ज्या क्षणी सर्वात जास्त हवं असतं त्याच क्षणी सांगत नाही. आमच्याकडे एररच्या ओळींमध्ये पत्त्याच्या जागी रिकामे कंस छापले जायचे, ते याच कारणाने. आता अ‍ॅक्सेप्टच्या वेळीच पत्ता त्या कनेक्शनच्या स्ट्रक्चरमध्ये कॉपी करून ठेवतो.

कर्नलमावशी
ढब्बू यांच्याशी सहमत, एक पुरवणी. गेटपीअरनेम जिथे लागतंच ती जागा म्हणजे अ‍ॅक्सेप्ट तुम्ही केलेलंच नाही. जुन्या आयनेटडीखाली चालणारा प्रोग्राम घ्या. कनेक्शन आयनेटडी घेणार, मग फोर्क (प्रोसेसची प्रत), मग एक्झेक (त्या जागी नवा प्रोग्राम). एक्झेक झालं की जुनी मेमरी गेली, पत्त्याचं स्ट्रक्चरही गेलं. उरलं काय, तर शून्य नंबरच्या डिस्क्रिप्टरवर लावलेलं सॉकेट. मग गेटपीअरनेम(०, ...) म्हणून विचारायचं. सिस्टमडीची सॉकेट अ‍ॅक्टिव्हेशन प्रत्येक कनेक्शनला वेगळा प्रोसेस देण्याच्या पद्धतीने वापरली तर ते रिमोट_अ‍ॅडर आणि रिमोट_पोर्ट ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही भरून देतं, पण ते झाले लाड.

आणि हो, गेटपीअरनेमलासुद्धा लेन आधी भरून द्यावंच लागतं. तोच नियम.

अर्धाकप
खूप धन्यवाद सगळ्यांना. आता पोर्टबद्दल. माझा क्लायंट मुद्दाम ८०८० वरून बाइंड करून पाठवला तर सर्व्हर ३६८९५ छापतो. हे काय आता?

आळशी_अण्णा
वॉर्म-अप पूर्ण झालेला दिसत नाही.

शून्यसमाप्त
एनटीओएचएस (नेटवर्कच्या बाइट क्रमातून मशीनच्या क्रमात आणणारं फंक्शन) विसरलास. ८०८० हेक्समध्ये १एफ ९०. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, तुझं इंटेलचं मशीन छोटा आधी वाचतं, म्हणून ९० १एफ झालं आणि ते दशमानात ३६८९५. पोर्ट छापताना एनटीओएचएस(क्लायंट.सिन_पोर्ट).

पत्त्याला मात्र एनटीओएचएल लावून मग आयनेट_एनटीओएला (पत्ता मजकुरात बदलणारं फंक्शन) देऊ नकोस. ते फंक्शन नेटवर्क ऑर्डरच अपेक्षित धरतं. लावलंस तर १९२.१६८.१.५ चं ५.१.१६८.१९२ होईल आणि तू अर्धा दिवस राउटरला शिव्या देशील.

ढब्बू_मिरची
आयनेट_एनटीओए वापरूच नकोस मुळात. ते एकाच स्टॅटिक बफरचा पॉइंटर परत देतं. एका प्रिंटएफमध्ये दोनदा वापरलं, एकदा क्लायंटसाठी, एकदा सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्यासाठी, तर दोन्हीकडे एकच पत्ता छापला जातो. माणूस बघत बसतो की हा स्वतःशीच कसा काय बोलतोय.

दुसरी गोष्ट. जुन्या जीसीसीवर अर्पा/आयनेट.एच हेडर घ्यायचं राहिलं तर कंपायलर गृहीत धरायचा की फंक्शन इंट देतं. ६४ बिट मशीनवर पॉइंटरचा वरचा अर्धा भाग कापला जायचा आणि प्रिंटएफमध्ये सेगफॉल्ट. वॉर्निंग यायची, पण लॅबमध्ये वॉर्निंग कोण वाचतं? जीसीसी १४ पासून, म्हणजे २०२४ पासून, ती थेट एरर केलीय. उत्तम केलं.

वापरायचं ते आयनेट_एनटीओपी. बफर तुझा, लांबी तू देणार. व्ही४ ला १६ बाइट पुरतात, व्ही६ ला ४६, दोन्ही आकड्यांना हेडरमध्ये तयार नावं आहेत.

सह्याद्रीपार
मी वाचनमात्र असतो, पण विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून. सिंगापूरला एका कंपनीत टेलिकॉमचा जुना सी कोड सांभाळतो.

मुळात हा (स्ट्रक्ट सॉकअ‍ॅडर *) कास्ट कशाला, असं दर नवीन मुलगा विचारतो. सॉकेट एपीआय आलं १९८३ च्या ४.२बीएसडीबरोबर. तेव्हाच्या सी मध्ये व्हॉइड पॉइंटर प्रमाणित नव्हता, अ‍ॅन्सीचं प्रमाण आलं १९८९ ला. म्हणून "कुठलाही पत्ता" या अर्थाने एक सर्वसाधारण स्ट्रक्चर केलं: दोन बाइट फॅमिली, चौदा बाइट डेटा. आयपीव्ही४ त्यात बसावं म्हणून सॉकअ‍ॅडर_इनच्या शेपटीला आठ बाइटचं शून्य लावलं. झाले सोळा.

मग आलं आयपीव्ही६. त्याचा नुसता पत्ताच सोळा बाइट, स्ट्रक्चर २८. ज्यांनी ज्यांनी "सॉकअ‍ॅडर म्हणजे सगळे पत्ते मावणारच" असं धरून कोड लिहिला होता त्यांचे पत्ते कापले जायला लागले. म्हणून १९९९ च्या आरएफसी २५५३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज) सॉकअ‍ॅडर_स्टोरेज आलं, लिनक्सवर १२८ बाइटचं. आज नवीन कोड लिहिताना तेच घ्यायचं, लेनमध्ये त्याचा साइझ, आणि परत आल्यावर एसएस_फॅमिली बघून ठरवायचं की व्ही४ चा कास्ट करायचा की व्ही६ चा.

सॉकलेन_टीची पण अशीच रडकथा आहे. आधी साधा इंट होता. पॉझिक्सवाल्यांनी (युनिक्सचं प्रमाण ठरवणाऱ्यांनी) मध्येच त्याचा साइझ_टी करायचं ठरवलं. ६४ बिट मशीनवर इंट चार बाइट आणि साइझ_टी आठ. हा तर पॉइंटरने जाणारा पॅरामीटर, म्हणजे जुन्या कोडचा शेजारचा चार बाइटचा तुकडा चिरडला जाणार. बरीच आदळआपट झाल्यावर सॉकलेन_टी हे तिसरंच नाव काढलं, जे प्रत्यक्षात इंटच्या मापाचं असतं.

नेटवर्क_नाना
सह्याद्रीपार, वाचनमात्र राहू नका हो. प्रतिसाद जपून ठेवला.

पायथनपंत
१९८३ चा वारसा पोरं आजही पाठ करतायत, हाच माझा मुद्दा होता. असो.

अर्धाकप
सॉकअ‍ॅडर_स्टोरेज लावलं आणि सर्व्हर आयपीव्ही६ वर बाइंड केला. आता व्ही४ चे क्लायंट पण येतायत, पण पत्ता असा दिसतो: ::एफएफएफएफ:१९२.१६८.१.५. हे बरोबर आहे का?

कर्नलमावशी
बरोबर आहे. एकाच व्ही६ सॉकेटवर दोन्ही प्रकारचे क्लायंट घेतलेस की व्ही४ वाले असे कपडे घालून येतात. फॅमिली पण व्ही६ चीच सांगतात, त्यामुळे फॅमिली बघून फसायला होतं. आयएन६_आयएस_अ‍ॅडर_व्ही४मॅप्ड हा मॅक्रो लाव, खरा निघाला तर शेवटचे चार बाइट उचल आणि व्ही४ म्हणून छाप. हे केलं नाही तर तुझी परवानगीची यादी "१९२.१६८.१.५ चालेल" म्हणते आणि तोच माणूस बाहेर उभा राहतो.

हे आपोआप होणं मशीनवर अवलंबून आहे. लिनक्सवर मूळ सेटिंग दोन्ही घेण्याचं, विंडोजवर फक्त व्ही६ घेण्याचं, ओपनबीएसडी तर दोन्ही एकत्र करूच देत नाही. म्हणून आयपीव्ही६_व्ही६ओन्ली हा पर्याय स्वतः स्पष्ट लिहून टाक, हवा तसा.

दूधगाडी
मंडळी, धाग्यात घुसतो. माझा प्रश्न कॉलेजचा नाही, पोटापाण्याचा आहे. दुधाच्या टँकरवर लावलेले जीपीएस ट्रॅकर माझ्या सर्व्हरला टीसीपीने जोडतात. सर्व्हर सी मध्येच आहे, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला. त्यात कुठला टँकर हे आयपीवरून ओळखलंय. आधी बरं चाललं होतं, आता सिम बदलल्यापासून बारामतीचा टँकर मध्येच फलटणला दिसतो आणि परत बारामतीला. गाडी उडत नाही एवढं नक्की. पत्ता वाचण्यात काही चूक असेल का?

ढब्बू_मिरची
पत्ता बरोबरच वाचला जातोय, अपेक्षा चुकीची आहे. मोबाईल कंपनी एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी सिम बसवते. ट्रॅकरला आतून १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तुमच्या अ‍ॅक्सेप्टला दिसतो तो कंपनीच्या नॅटचा, म्हणजे पत्ते बदलणाऱ्या यंत्रणेचा. दोन टँकर एकाच पत्त्यावरून येणार, एकच टँकर दिवसात तीन पत्त्यांवरून येणार. १००.६४ चा पट्टा खास याच कामासाठी २०१२ मध्ये वेगळा काढलाय.

ट्रॅकर जोडल्यावर पहिलं पॅकेट लॉगिनचं पाठवत असेल, त्यात आयएमईआय (उपकरणाचा स्वतःचा नंबर) असतो. ओळख त्यावर ठेवा. आयपी फक्त लॉगसाठी.

दूधगाडी
आयएमईआय येतो खरा, पण कोड तो वाचून फेकून देतो! ज्याने लिहिलं त्याला आता कुठे शोधू.

शून्यसमाप्त
दूधगाडी, अजून एक तपासा. सर्व्हर थ्रेडवाला आहे का? असेल तर थ्रेड तयार करताना क्लायंटच्या पत्त्याचा पॉइंटर कसा दिलाय ते बघा. बऱ्याच ठिकाणी लूपबाहेर एकच क्लायंट स्ट्रक्चर असतं आणि प्रत्येक थ्रेडला &क्लायंट. पहिला थ्रेड पत्ता वाचायच्या आत दुसरं अ‍ॅक्सेप्ट त्याच्यावरच लिहून जातं. मग दोन्ही थ्रेड दुसऱ्याचाच पत्ता सांगतात. हे फक्त दोन गाड्या एकदम जोडल्या तरच होतं, म्हणून टेस्टिंगमध्ये सापडत नाही. प्रत्येक कनेक्शनला वेगळा मॅलॉक, थ्रेडने आपलं काम झालं की फ्री.

दूधगाडी
उघडून बघितलं. &क्लायंट च आहे. पहाटे चारला कलेक्शन सुटतं तेव्हा सगळे टँकर एकदम जोडतात. आता लक्षात येतंय घोटाळा पहाटेच जास्त का व्हायचा.

ढब्बू_मिरची
म्हणजे दोन रोग एकाच पेशंटला. नॅटचा इलाज आधी करा, दुसरा निम्मा आपोआप गळेल. कारण ओळख पत्त्यावर राहिली नाही की पत्ता चुकला तरी टँकर चुकत नाही. पण मॅलॉक कराच.

आळशी_अण्णा
एक बाळबोध शंका: आयपी भरवशाचा नाही तर क्लायंटचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) का नाही वाचत?

नेटवर्क_नाना
अण्णा, मॅक राउटर ओलांडत नाही. तुमच्या सर्व्हरला दिसणारा मॅक शेवटच्या राउटरचा. एकाच लॅनवर असाल तर कर्नलच्या एआरपी टेबलमधून काढता येतो, बस. आणि आता फोनही खरा मॅक देत नाहीत. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून वायफायवर सहसा बनावट मॅकच येतो.

सह्याद्रीपार
नावाबद्दल एक इशारा. पत्त्याऐवजी लॉगमध्ये होस्टनेम छान दिसतं म्हणून गेटनेमइन्फो नुसतं वापरू नका. एनआय_न्यूमरिकहोस्ट फ्लॅग दिला नाही तर ते उलटा डीएनएस शोध करतं आणि उत्तर येईपर्यंत तुमचा अ‍ॅक्सेप्टचा लूप गप्प. लिनक्सच्या रिझॉल्व्हरचा मूळ हिशेब एका प्रयत्नाला पाच सेकंद, असे दोन प्रयत्न. ज्या क्लायंटच्या पत्त्याला उलटी नोंदच नीट नाही तो येऊन सगळ्यांना ताटकळत ठेवतो. ओपनएसएसएचनेसुद्धा असला शोध २०१५ च्या ६.८ आवृत्तीपासून मूळ सेटिंगमध्ये बंद केला.

फ्लॅग देऊन मात्र गेटनेमइन्फो उत्तम. व्ही४-व्ही६ चं वेगळं इफ-एल्स लिहावं लागत नाही, आणि एफई८० वाल्या स्थानिक पत्त्यांना शेवटी %ईथ० अशी इंटरफेसची शेपटी पण लावतं, जी आयनेट_एनटीओपी लावत नाही.

पायथनपंत
हे सगळं ठीक, पण खऱ्या जगात सर्व्हरसमोर प्रॉक्सी असतो. तिथे अ‍ॅक्सेप्टला काय दिसणार? प्रॉक्सीचा पत्ता. डॉकरमध्ये टाकलंत तर कित्येकदा १७२.१७.०.१. मग तुमच्या त्या १२८ बाइटच्या स्टोरेजचं काय लोणचं घालायचं?

कर्नलमावशी
पंत, यावेळी मुद्दा बरोबर आहे. एचटीटीपी असेल तर प्रॉक्सी एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये मूळ पत्ता घालतो. पण तो हेडर क्लायंट स्वतःही घालून पाठवू शकतो, म्हणून आपल्या प्रॉक्सीने शेवटी जोडलेला भागच धरायचा, डावीकडचा पहिला नाही. एचटीटीपी नसेल तर एचएप्रॉक्सीने आणलेला प्रॉक्सी प्रोटोकॉल आहे: कनेक्शन उघडल्या उघडल्या एक ओळ येते, त्यात दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट, आणि मग खरा डेटा. सी मध्ये वाचायला अगदी सोपी. आणि ती ओळ खरी मानायच्या आधी ती कुठून आली हे तपासायला अ‍ॅक्सेप्टचाच पत्ता लागतो. म्हणजे लोणचं घालायला उपयोग होतो.

पायथनपंत
टाळ्या. हरलो.

पोर्टवाला
यूडीपीबद्दल कोणी बोललंच नाही. तिथे अ‍ॅक्सेप्ट नाही, रिसीव्हफ्रॉम प्रत्येक पॅकेटबरोबर पत्ता देतं. लेनचा नियम तोच. पण टीसीपीत हस्तांदोलन पूर्ण झालेलं असतं म्हणजे त्या पत्त्यावर उत्तर पोचलेलं असतं. यूडीपीत पाठवणारा हवा तो पत्ता लिहून पाठवू शकतो. तो पत्ता बघून कोणाला मोठं उत्तर पाठवत बसू नका, कारण ते भलत्याच्याच दारात जाऊन पडेल.

अर्धाकप
प्रॅक्टिकल झालं! एक्स्टर्नलनी माझा कोड बघितला आणि लेनवर बोट ठेवून विचारलं की ही ओळ लूपमध्ये का. मी युनिक्स सॉकेट आणि ती दोन बाइटची लांबी सांगितली. ते म्हणाले, बस, पुढे चल. मग विचारलं "इफ (एफडी = अ‍ॅक्सेप्ट(...) < ०)" यात चूक काय. तिथे थोडा अडकलो, पण सुचलं.

शून्यसमाप्त
आवडता प्रश्न! लहान-मोठ्याची तुलना असाइनमेंटच्या आधी होते. अ‍ॅक्सेप्ट यशस्वी झालं की तुलना खोटी, म्हणजे एफडी शून्य. मग गेटपीअरनेम शून्यावर, म्हणजे टर्मिनलवर, आणि ते सांगतं की हे सॉकेटच नाही. आणि रीड केलं तर सर्व्हर तुमच्या कीबोर्डची वाट बघत बसतो.

नेटवर्क_नाना
अभिनंदन रे अर्धाकप. पूर्ण कप झालास.

दूधगाडी
मॅलॉक केला, ओळख आयएमईआयवर नेली. टँकर जमिनीवर आलेत. आता एकच. लॉगमध्ये आयपीबरोबर पोर्टही ठेवायचा का? एवढ्या ओळी होतात की डिस्क भरते.

ढब्बू_मिरची
ठेवाच. एका पत्त्यामागे शेकडो सिम असतील तर उद्या कोणी चौकशी केली की "अमुक वेळेला कोण होतं", मोबाईल कंपनी नुसत्या पत्त्यावरून सांगू शकत नाही. पत्ता, पोर्ट आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ, तिन्ही लागतात. आरएफसी ६३०२ नेमकं हेच सांगतं, २०११ पासून. शिवाय सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायलाही. तुम्हाला तो कितपत लागू आहे ते तुमच्या सीएला किंवा वकिलाला विचारा, पण घड्याळ तरी जुळवून ठेवा. डिस्कसाठी, प्रत्येक लोकेशनच्या ओळीत पत्ता लिहू नका. कनेक्शन उघडलं आणि बंद झालं, एवढ्या दोनच ओळी पुरतात.

दूधगाडी
पोस्टग्रेसमध्ये पोर्टचा कॉलम स्मॉलइंट केला. ट्रॅकर नीट नोंदले जातायत, पण मी माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवरून टेस्ट करतो तेव्हा प्रत्येक वेळी आउट ऑफ रेंज.

शून्यसमाप्त
स्मॉलइंट साइन्ड असतो, कमाल ३२७६७. लिनक्स क्लायंटला पोर्ट देतो ते मूळ सेटिंगनुसार ३२७६८ पासून पुढे. बरोबर एकाने हुकतंय, म्हणून तुमचा लॅपटॉप शंभरातून शंभर वेळा आपटणार. ट्रॅकरचा पोर्ट नॅट ठरवतो, तो आज खालचा येतोय, उद्या वरचा आला की त्यांच्याही नोंदी पडतील. कॉलम इंटिजर करा. आणि पत्त्याला व्हारकॅर ठेवला असेल तर पोस्टग्रेसमध्ये आयनेट नावाचा खास प्रकार आहे, व्ही४-व्ही६ दोन्ही घेतो.

दूधगाडी
इंटिजर केला, चालतंय. व्हारकॅर(१५) होता, तोही बदलतो.